पोट्टे आणि वजनकाटा

मराठीच्या प्राध्यापकाला कबड्डीच्या मैदानावर कोणी बोलावीत नाही. बोलावलेच, तर बक्षिसे वाटायला. आणि तेही ठरलेले पाहुणे ऐन वेळी फिरकले नाहीत म्हणून. गेल्या हिवाळ्यात मी खाप्याला गेलो तो असाच.

खापा म्हणजे कन्हान नदीच्या काठचे, सावनेर तालुक्यातले जुने गाव. एके काळी हातमागाबद्दल नाव कमावलेले. जवळच गुमगावला मँगनीजची खाण आहे. मागांची खटखट आता विरळ झाली आहे. पण संध्याकाळी मैदानावर पोट्ट्यांचा जो दम घुमतो, तो मात्र कायम आहे.

पाहुण्याने उशिरा जावे हा आपल्याकडचा शिष्टाचार. तो न पाळल्यामुळे मला एक निराळाच सामना पाहायला मिळाला. मैदानामागे वजनकाटा मांडला होता, आणि त्यावर माझ्याच वर्गातला एक मुलगा उभा होता. वर्गात शेवटच्या बाकावर पेंगणारा हा मुलगा इथे कुमार संघाचा उजवा कोपरा होता, हे मला तिथे कळले. कुमार गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. काटा सहाशे ग्रॅम जास्त दाखवीत होता. पंचांनी अर्ध्या तासाची सवलत दिली.

मग सारे गाव कामाला लागले. कोणी त्याला दोन स्वेटर चढवून मैदानाभोवती पळवले. चहावाला म्हणाला, "थुंकत राय रे!" एका हौशी गृहस्थाने चक्क न्हावी धरून आणला. सिनेनटासारखी जपलेली झुलपे पाच मिनिटांत मातीत पडली. काट्याने त्यांची फारशी दखल घेतली नाही.

"काही खाल्लंस का रे?" मी विचारले.

"नाही जी सर. कालपासून पाणीबी नाही पेलो."

हे वेड नुसते करंडकासाठी नव्हते. जिल्ह्याच्या संघासाठी मुले हेरायला मंडळी यायची होती. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के जागा राखीव असतात, आणि तिथवर पोचवणाऱ्या शिडीची ही पहिली पायरी. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून 'खेळून काय पोट भरते?' असे विचारणारे बापही आता मैदानाच्या कडेला उभे राहतात.

वजनाची अट काही वेडगळ नव्हे. अमेरिकेत 1929 साली फिलाडेल्फियात पोरांच्या ग्रिडायर्न फुटबॉलची एक संघटना निघाली. पुढे पॉप वॉर्नर या प्रशिक्षकाच्या नावाने ती देशभर पसरली. डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला गाद्या आणि अंगावर झेपावणारे अकरा गडी असा तो खेळ. तिथेही मुलांचे गट पाडताना वयाबरोबर वजन पाहत, कारण धिप्पाड पोर किडकिडीत पोरावर कोसळू नये. दोन्हीकडे हेतू मुलाला जपण्याचाच. पण त्या अटीपायीच एक मुलगा माझ्यासमोर तहानेने ओठ चाटीत होता.

शेवटी काटा मानला. सामना सुरू झाला. पूर्वार्धात त्याने दोन चढाया घोट्याला धरून अशा अडवल्या, की मीही खुर्ची सोडून ओरडलो. उत्तरार्धात तो एकदा नुसताच गुडघ्यावर बसला. संघाचे गुरुजी उठले. हे जुने खेळाडू, दोन्ही गुडघे निकामी झालेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली, ती हकीकत ते अशी सांगतात की जणू स्वतःच तिथे चढाई करून आले! त्यांचा जन्म त्यानंतरचा, हे कोणी बोलत नाही. त्यांनी त्याला बाहेर काढले आणि बदली खेळाडू आत पाठवला.

मग काय, लोक खवळले! "गुरुजी, पाचच मिन्टं उरली न जी! निवडवाले पाहून राहिले!"

"पाहू दे," गुरुजी म्हणाले. "हा इथं पडला, तर याच्या मायले तू सांगशील का?"

दोन गुणांनी सामना गेला. ज्यांनी पोराला पळवले, तेच आता गुरुजींना दूषणे देत होते. गुरुजी शांतपणे त्याला चमच्या-चमच्याने साखरपाणी पाजत बसले होते. मुलगा रडत होता. निवड करणारे उठून गेले ते त्याच्याकडे न बघताच.

मी बलोपासनेवर वीस मिनिटांचे भाषण लिहून नेले होते. ते खिशातच राहिले. बक्षिसे दिली आणि मुकाट्याने मोटारीत बसलो.

सोमवारी तो टोपी घालून वर्गात आला. तास संपल्यावर टेबलाशी घुटमळला.

"सर, शनिवारची हजेरी लावून द्याल का जी?"

मी लावली.