परिषदेतले फोटो पुरे, मासळीचं वजन आणि भाव दाखवा



१ ऑगस्टला मासेमारी बंदी उठली की ट्रॉलर समुद्रात जातात, आणि सोसायटीच्या ऑफिसात निमंत्रणं यायला लागतात. कुठे सी-फूड शो, कुठे मत्स्य महोत्सव, २१ नोव्हेंबरला जागतिक मत्स्यदिनाचे कार्यक्रम. कोणी जायचं यावर दर वर्षी वाद होतो. जाण्यायेण्याचा खर्च सोसायटीच्या पैशातून, म्हणजे तुमच्या-आमच्या मासळीच्या पैशातून होतो. म्हणून आमचं मत इथे उघड मांडतो.

परिषदेला जरूर जावं, पण नुसता फोटो काढायला नको. सोसायटीचं पेजही जरूर चालवावं, पण नुसत्या शुभेच्छा द्यायला नको. ही दोन वेगळी कामं नाहीत, एकच काम आहे.

कसं ते सांगतो. समजा परिषदेत एका हॉटेलचा खरेदी बघणारा माणूस भेटला. दोन मिनिटं बोलला, कार्ड घेतलं, गेला. असे पन्नास जण त्याला दिवसभरात भेटतात. रात्री तो मोबाईलवर आपलं पेज उघडतो. तिथे दिसतं काय? गुड मॉर्निंगचं फूल, कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर, शाल-श्रीफळ देताना पुढारी. मासळी कुठेच नाही. तो पेज बंद करतो आणि नेहमीच्या एजंटाला फोन लावतो. कार्ड दिल्याचा काय उपयोग झाला?

त्याला हव्या असलेल्या गोष्टी साध्या आहेत. आज जेटीवर काय उतरलं, किती वाजता उतरलं, बांगडा किलोला किती नग बसतो, बर्फ किती घातला, बिल मिळेल का, एफएसएसएआयचा नंबर आहे का, आणि फोन कोण उचलेल. एवढं रोज चार ओळींत टाकलं, सोबत वजनकाट्यावरच्या पाटीचा एक फोटो, की झालं. त्याला मोठी अक्कल लागत नाही, शिस्त लागते. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांत जातं. आपल्या मालाला ते बरोबर आहे, कालचा भाव आज कशाला हवा?

२०१८ साल आठवा. जानेवारीत मडगावात आंतरराष्ट्रीय सी-फूड शो भरला होता. देशी-परदेशी व्यापारी आले, गोव्याच्या मासळीचं नाव झालं. आणि त्याच वर्षी जुलैत त्याच मडगावच्या घाऊक बाजारातून फॉर्मेलिनचं प्रकरण उठलं. सरकारला काही दिवस बाहेरच्या मासळीची आयात बंद करावी लागली. तेव्हा बंदीचा काळ होता, आपले ट्रॉलर किनाऱ्यालाच होते. पण व्हॉट्सॲपवर निरोप फिरले आणि लोकं मासळीचं नाव घ्यायला घाबरली. नदीतली ताजी मासळी घेऊन बसणाऱ्या बायांनाही गिऱ्हाईकाला समजावता समजावता पुरे झालं. मासळी कुठून आली, कधी आली हे दाखवायची सवय रोजची असेल, तरच संकटात लोकं आपल्यावर विश्वास ठेवतात. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

आता परिषदेत भेटायचं कोणाला? आपल्यातल्या काहींना वाटतं, परदेशी खरेदीदार गाठला की सोसायटीचं भलं झालं. तसं होत नाही. निर्यात करायची तर एमपीईडीएची नोंदणी लागते, मान्यता असलेला प्रक्रिया कारखाना लागतो. तो आपल्याकडे नाही. त्यामुळे सूटबूटवाल्या परदेशी माणसामागे दिवस घालवण्यापेक्षा कारखानेवाल्याशी बोला, बर्फाचं मशीन आणि इन्सुलेटेड बॉक्स विकणाऱ्याशी बोला, कोचीच्या सिफ्टमधले शास्त्रज्ञ आले असतील तर त्यांना विचारा. किलोभर मासळीला किलोभर बर्फ घालावा असं ते सांगतात. आपण किती घालतो ते प्रत्येकाने स्वतःलाच विचारावं. दुसऱ्या राज्यांतल्या सोसायट्यांचे लोकही भेटतात. एकाच दिवशी बांगडा भरपूर पडला की ते काय करतात, हे कळणं आपल्याला फार मोलाचं आहे. आपल्याकडे तेव्हा भाव कोसळतो आणि खाण्याजोगा मासा फिशमीलला जातो.

काही सभासद म्हणतात, भाव पेजवर टाकला तर व्यापारी सावध होतील. आम्हाला ते पटत नाही. व्यापाऱ्याला भाव आधीच ठाऊक असतो. ठाऊक नसतो तो होडीवाल्याला आणि गिऱ्हाईकाला. मासा कुठे मिळाला ती जागा मात्र कधी टाकू नये, तो तांडेलाचा हक्क आहे. दुसरी तक्रार अशी की पेजवर विचारणारे दोन किलो घरपोच मागतात. मागू देत. त्यांना आपल्या बाजारात बसणाऱ्या बायांचा नंबर द्यावा. त्यांचा धंदा तोडून सोसायटी मोठी होणार नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही पुढचं मांडणार आहोत. परिषदेला तिघांनी जावं: एक होडीवाला, एक मासळी विकणारी बाई आणि मोबाईल नीट हाताळणारा एक तरुण मुलगा किंवा मुलगी. पदाधिकारी आहे म्हणून कोणाची जागा ठरलेली नसावी, अगदी सचिवाचीसुद्धा. ज्यांचे नंबर मिळाले त्यांना दोन दिवसांत फोन जावा. आठ दिवसांत नोटीस बोर्डावर कागद लागावा: कोण भेटले, काय ठरलं, खर्च किती झाला. सहा महिन्यांत त्यातून एकही ऑर्डर आली नाही, तर पुढच्या वर्षी त्या परिषदेला जाऊ नये.

शाल घरी कपाटात राहते. ऑर्डर आली तर होडीवरच्या खलाशापर्यंत पैसे पोचतात. सभेला या, पटलं नाही तर तोंडावर सांगा.



– सचिव