लेकराचा पहिला बर्फ

आपल्याकडची कुटुंबे आता हिवाळ्यात काश्मीरला जाऊ लागली आहेत. कुणी परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने अमृतसर गाठून पुढे जाते, कुणी हैदराबादहून विमानाने. जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरला रेल्वेही जाते. सोबत दोन-तीन वर्षांची लेकरे असतात, आणि मग प्रश्न येतो : गुलमर्गला जातोच आहोत, तर लेकराला स्कीवर उभे करावे का? गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या पावणेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन तिकडे गेलो होतो. म्हणून या महिन्यात याच विषयावर बोलू.

परळीच्या लेकरांना पांढरी धूळ माहीत असते, ती औष्णिक केंद्राच्या राखेची. मुठीत घेतल्यावर पाणी होणारे पांढरे काही त्यांनी मोबाइलवरच पाहिलेले असते. त्यामुळे हौस आम्हालाही होती. पण निघण्याआधी मुलीच्या दादीअम्मींनी विचारले, “लेकरासाठी चाललात की फोटोसाठी?” प्रश्न बोचरा होता, पण खरा होता. जाण्याआधी प्रत्येक आईबापाने तो स्वतःला विचारावा.

आधी स्की म्हणजे काय ते पाहू. स्कीचा बूट कडक असतो. त्यात घोटा फारसा वाकत नाही. सगळा तोल गुडघ्यांनी आणि कमरेने सांभाळावा लागतो. दोन वर्षांचे लेकरू अजून पळताना अडखळते, त्याच्या पायांत तेवढी ताकद नसते. शिवाय “थांब” म्हटल्यावर थांबण्याची समजही त्या वयात पक्की नसते. म्हणून जगभरातल्या बहुतेक स्की शाळा तीन-चार वर्षांच्या आतले मूल शिकवायला घेत नाहीत. गुलमर्ग भागातल्याच आरिफ खानचे उदाहरण घ्या. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच खेळाडू होता आणि जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान. एवढे सगळे दारात असून तो स्कीवर उभा राहिला चौथ्या वर्षी. मग ४० अंशांच्या उन्हात वाढणाऱ्या आपल्या लेकराची घाई कशाला?

तीन वर्षांच्या आतल्या लेकराने बर्फात चालावे, पडावे, गोळे करावेत. तीच त्याची पहिली स्की. फार तर साध्या बर्फाच्या बुटांवर पट्ट्याने बांधायच्या प्लास्टिकच्या छोट्या स्की मिळतात. त्या घालून सपाट जागी, दोन्ही हात धरून चालवावे. लेकराला पाठीवर किंवा कडेवर घेऊन मोठ्यांनी स्की मात्र कधीही करू नये. मोठा पडला की लेकरू त्याच्याखाली सापडते.

दुसरी गोष्ट उंचीची. परळी समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. मोठा माणूस “डोके दुखते” म्हणून सांगतो. लेकरू फक्त रडते, खात नाही, उलटी करते, रात्री झोपत नाही, आणि आपण म्हणतो की हट्ट करते आहे. म्हणून आधी श्रीनगरला दोन रात्री काढाव्यात. ते सोळाशे मीटरच्या आसपास आहे, तेवढ्यात शरीर जरा रुळते. गुलमर्गला अशी लक्षणे दिसली तर वाट न पाहता खाली यावे. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटला, जवळजवळ चार हजार मीटरवर जातो. तो एवढ्या लहानांसाठी नाही. लेकराला दमा, हृदयाचा त्रास किंवा नुकताच न्यूमोनिया झाला असेल, तर तिकीट काढण्याआधीच बालरोगतज्ज्ञांना विचारा.

तिसरी गोष्ट थंडीची. लहान शरीर मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते. आत अंगाला चिकटणारा गरम कपडा, वर लोकर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट, असे तीन थर हवेत. सुती मोजे ओले झाले की वाळत नाहीत, म्हणून लोकरीचे घ्या आणि दोन जोड जास्त ठेवा. लांब मफलर नको, तो अडकतो. डोळ्यांना काळा चष्मा हवाच, कारण ताजा बर्फ उन्हातली बरीच अतिनील किरणे परत वर फेकतो. आणि खोलीत कांगडी किंवा कोळशाची शेगडी असेल तर ती पेटती ठेवून, दारे-खिडक्या बंद करून झोपू नका. त्या विषारी वायूला वास नसतो.

याची तयारी घरीच करता येते. आम्ही निघण्याआधी आठवडाभर रोज सकाळी मुलीला जड बूट, टोपी आणि हातमोजे घालून अंगणात दहा मिनिटे चालवले. पहिल्या दिवशी तिने सगळे काढून फेकले. पाचव्या दिवशी स्वतःच बूट घेऊन आली.

तंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने मिळतात, पण एवढ्या लहान पायाचे माप मिळेलच असे नाही. बूट घरूनच न्या. गुलमर्गला आम्ही एका शिकवणाऱ्याचा तासाभराचा वेळ ठरवला होता. मुलगी पंधरा मिनिटे हसत खेळली. मग नाक लाल झाले, ओठ थरथरू लागले आणि तिने “घरी” म्हटले. पैसे तासाचे दिले होते. “अजून थोडा वेळ, सवय होईल,” असे आमच्यातल्याच एकाचे म्हणणे पडले. दोघांत दोन शब्दही झाले. शेवटी आत आलो, मोजे बदलले, कोमट दूध पाजले. दुसऱ्या दिवशी ती स्वतः दाराकडे ओढू लागली. त्या वेळी जबरदस्ती केली असती तर ती पुन्हा बर्फाजवळ गेली असती का, कोण जाणे!

लेकरू ही अल्लाहने आपल्याकडे दिलेली अमानत आहे. त्याचा आनंद आपल्या तासाच्या हिशेबात बसत नाही, आणि त्याची भीती मात्र वर्षानुवर्षे राहते. ज्या घरात आई किंवा बाप “आता पुरे” म्हणतो, तिथे दुसऱ्याने ते ऐकावे, हा नियम निघण्याआधीच ठरवून घ्या. तिथल्या भांडणापेक्षा तो सोपा पडतो.

यंदा जमले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. पावणेतीन वर्षांचे लेकरू पुढच्या हिवाळ्यात पावणेचार वर्षांचे असेल, इन्शाअल्लाह, आणि गुलमर्ग कुठे जात नाही. तुमच्या लेकरांच्या पहिल्या बर्फाचे अनुभव आम्हाला जरूर कळवा.