खाज सुटली, तर नख नको. ओला फडका घ्या



दिवसा कामाच्या नादात खाज फारशी जाणवत नाही. रात्री दिवा मालवून अंथरुणाला पाठ टेकली, की मान आणि पोटऱ्या खाजू लागतात. आधी नखे, मग कंगवा, शेवटी कढत पाणी. कढत पाण्याने घटकाभर बरे वाटते; मागाहून खाज दुपटीने उठते.

असे का होते? खाजवल्याने जो बारीक दुखावा होतो, तो खाजेला तेवढ्यापुरता दाबतो. पण कातडी सुजते, जाड नि काळपट होते, आणि जाड कातडी अधिकच खाजते. सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खाजेला जुनाट खाज म्हणतात. तिचे हे रहाटगाडगे औषधावाचूनही बरेच आवरता येते.

गारवा द्या. जुन्या धोतराचा स्वच्छ फडका माठाच्या पाण्यात भिजवून पिळा आणि खाजेवर १० ते १५ मिनिटे ठेवा. बर्फ उघड्या कातडीवर लावू नका.

आंघोळ कोमट पाण्याने, १० मिनिटांत उरका. साबण बेताचा लावा; वजरीने घासू नका. अंग टिपून, ओल असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा.

खाज फार असेल, तर तेल लावून त्यावर ओलसर सुती पट्टी आणि वर कोरडी पट्टी एक-दोन तास बांधा. पू असेल तर बांधू नका; थंडी वाजली तर सोडा.

नखे बारीक ठेवा. हात राहवेनाच, तर तळव्याने थोपटा.

गाजर गवताने मान, चेहरा, कोपराची खाच खाजत असेल, तर ते उघड्या हाताने उपटू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला; शेतातून आल्यावर ते बदलून अंग धुवा.

एवढ्याने भागले नाही, तर त्वचेच्या डॉक्टरांना प्रकाशोपचाराविषयी विचारा. यात खास नळ्यांचे ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे मोजून देतात. मूत्रपिंडाच्या आजारातील खाजेलाही त्याने उतार पडतो. मात्र उन्हात बसणे म्हणजे हा उपचार नव्हे. गाजर गवताच्या खाजेत ऊन उलट बाधते.

एक गोष्ट विसरू नका. घरातली सगळीच माणसे रात्री खाजवत असतील, तर ती खरूज असू शकते. तिला औषधच लागते, आणि तेही सर्वांनी एकाच वेळी. कडेने पसरणारा गोल चट्टा गजकर्णाचा असू शकतो. त्यावर दुकानातले कुठलेही मलम चोपडू नका. पुरळ नसता सर्वांग खाजत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, पाय सुजत असतील किंवा वजन घटत असेल, तर रक्त तपासून घ्या.

बाकीच्यांनी आज रात्री उशाशी पाण्याचे भांडे आणि एक फडका ठेवून निजावे. हात नखाकडे वळण्याआधी फडक्याकडे वळू द्या.