गोणीतले इंग्रजी

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून धसका आहे. असा मनुष्य अमरावतीच्या राजकमल चौकात भेटो की अकोल्याच्या टिळक रोडवर, दोन मिनिटांत तो तुम्हाला लॅटिनमध्ये नेऊन सोडतो, आणि तिथून परतीची गाडी नसते!

हल्ली अशांनी शिकवण्याच काढल्या आहेत. रोज दहा अवघड इंग्रजी शब्द, अर्थासकट, मुळासकट. आमचा भाचा जातो. ग्रीक मुळे त्याला तोंडपाठ आहेत. माझी त्याला हरकत नाही. पण पोराच्या तोंडून 'गोणी' निघाली की सर हसतात म्हणे आणि 'गनी बॅग' म्हणायला लावतात. इथे माझे डोके फिरते. अहो, ती 'गनी' म्हणजे आपली गोणीच की! यूल आणि बर्नेल या दोघा साहेबांनी 1886 साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जाडजूड कोश काढला, त्यात असल्या शब्दांची सगळी कुळकथा आहे. गोणी साहेबाच्या तोंडून फिरून आली की सुशिक्षित, आणि आमच्या आजीच्या तोंडी ती गावंढळ. हा कुठला न्याय?

खंडीचे तेच. इंग्रजी पेपरात कापसाचा भाव 'कँडी'वर देतात. भाच्याला वाटले, जत्रेतले बुढ्ढी के बाल एवढे महाग झाले! कँडी म्हणजे आपली खंडी, 784 पौंडांची, म्हणजे सुमारे 356 किलोंची. कापूस आपला, माप आपले, आणि अर्थ विचारायला पोरगा फी भरून जातो.

'मंगूज' हा शब्द तर इंग्रजांनी सरळ मराठीतून उचलला. मुंगूसच ते. त्याचे अनेकवचन 'मंगीज' होत नाही, कारण 'गूज' म्हणजे हंसाशी त्याचा काही संबंध नाही. मुंगसाला हे कधीच ठाऊक होते.

आणि 'ऊमरा'? हा शब्द सरांच्या यादीत नाही, मी पाहिली. इंग्रजांच्या जुन्या कागदांत अमरावती होती 'ऊमरावटी', आणि तिच्या नावावरून वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणून विकला जाई. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, आणि गिरण्यांचे गोरे मालक आमच्या गावाचे नाव घेऊ लागले. उच्चार वाकडाच होता. पण त्यांना कोणी हसले नाही, शिकवणीला तर नाहीच नाही.

उसने आपणही घेतले आहे, ते नाकारत नाही. काका जीनमध्ये आहेत म्हटले की पुण्याच्या पाहुण्यांना आधी भूत आठवते, मग दारू. ते जीन म्हणजे 'एंजिन'चे शेपूट, सरकी काढणारे यंत्र. आपण त्याचे पुढचे अक्षर खाल्ले असे समजू नका, ते इंग्रजांनीच खाल्ले होते. शब्द असेच झिजत, धक्के खात गावोगाव जातात. मग आमच्या पोराने 'मले', 'तुले' म्हटले की त्याचा कान का धरायचा?

परवा हे सगळे भाच्याला सांगितले. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, सरले सांगू काय?"

"सांग ना बाप्पा, काहून नाही?"