अवयवदानाचा फॉर्म आणि आपली सही

जयंती मंडळांच्या बैठकांत अलीकडे एक नवा विषय येऊ लागला आहे. रक्तदान शिबिर तर दरवर्षी असतंच. त्याच मांडवात अवयवदानाच्या नोंदणीचं एक टेबल टाकायचं का? विषय निघाला की दोन गट पडतात. एक गट म्हणतो, आपण बुद्धाचे अनुयायी, आत्मा मानत नाही, मेल्यावर देहाची राख होण्यापेक्षा तो कुणाच्या कामी आला तर वाईट काय? दुसरा गट म्हणतो, आयुष्यभर आपल्याला लुटलंच, आता मेल्यावर किडन्याही द्यायच्या? आणि त्या बसणार कुणाला? ज्याच्याकडे वीस-पंचवीस लाख आहेत त्यालाच ना?

पहिल्या गटाचं बोलणं ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या मते दुसऱ्या गटाचा प्रश्न जास्त आंबेडकरी आहे. त्याचं उत्तर न देता फॉर्म वाटत सुटणं म्हणजे सरकारच्या जाहिरातीचं काम फुकटात करणं. म्हणून आधी त्या प्रश्नाला भिडू, मग सही करायची की नाही ते ठरवू. माझं उत्तर 'करायची' असं आहे, हे लपवत नाही.

सुरुवात शब्दापासून. 'दान' या शब्दाशी आपलं फारसं जमत नाही आणि जमायचं कारणही नाही. अवयवदानाच्या फलकांवर 'महादान', 'पुण्य' आणि दधीची ऋषी हमखास असतात. दधीचीने आपली हाडं दिली, पण कुणाला? इंद्राला. कशासाठी? वज्र करून वृत्राला मारायला. ज्यांनी जोतिरावांची 'गुलामगिरी' वाचली आहे, त्यांना इंद्राच्या बाजूने सांगितलेली गोष्ट कशी वाचायची हे शिकवावं लागत नाही. बरं, आपल्याकडचं सिवि जातकही डोळे झाकून घेऊ नका. राजा आपले दोन्ही डोळे काढून देतो, आणि ते मागायला आलेला शक्र वेश घेतो तो आंधळ्या ब्राह्मणाचा! देणारा कुणीही असो, घेणारा हात तोच. श्रीलंकेत मात्र बौद्ध समाजाने दानाच्या याच परंपरेला वेगळं वळण दिलं. डॉ. हडसन सिल्व्हा यांनी १९६१ मध्ये तिथे नेत्रदानाची संस्था उभी केली आणि त्या छोट्या देशाने पाकिस्तानसह कितीतरी देशांना हजारो नेत्रपटलं पाठवली. तिथे घेणाऱ्याचा धर्म कुणी विचारला नाही. आपल्याला यातून घ्यायची ती ही न विचारण्याची गोष्ट. पुण्य ज्याला हवं त्याने घ्यावं.

आता आपला इतिहास बघा. मेलेल्या देहाशी आपलं नातं गावगाड्याने लावून दिलेलं होतं. मर्तिकाचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, सरणाची लाकडं वाहायची, मेलेली ढोरं ओढायची. हे सोडा असं बाबासाहेबांनी सांगितलं आणि १९२७ च्या महाडनंतर गावोगाव लोकांनी ते सोडलं, त्यासाठी बहिष्कार आणि मारही सोसला. पण शहरात वेगळ्या रूपात ते चालूच राहिलं. सरकारी रुग्णालयांच्या शवागारात आजही प्रेत उघडण्याचं आणि शिवण्याचं काम बहुतेक वेळा सफाई कामगारच करतो. तो कुठल्या वस्तीतून आला हे तुम्हाला माहीत आहे. अहवालावर सही डॉक्टरची असते.

आणि बेवारस प्रेतं? १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार ज्या देहावर कुणी हक्क सांगत नाही तो वैद्यकीय महाविद्यालयाकडे देता येतो. बेवारस मरतो कोण? फूटपाथवरचा, नाक्यावरचा मजूर, रेल्वे फलाटावरची म्हातारी. या राज्यातल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या गरिबांच्या देहावर शरीरशास्त्र शिकल्या. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांच्याकडून कुणी फॉर्म भरून घेतला नाही, त्यांना कुणी 'महादानी' म्हटलं नाही. म्हणजे आपल्या माणसांनी देह दिलेलाच आहे, फक्त संमतीशिवाय. नोंदणीच्या फॉर्मवरची सही मला महत्त्वाची वाटते ती इथे. कुठला अवयव द्यायचा, कुठला नाही, की काहीच द्यायचं नाही, हे विचारलं जाण्याचा अधिकार आणि ते ठरवण्याचा अधिकार. 'नाही' म्हणणारी सहीसुद्धा मला बेवारस प्रेतापेक्षा मोलाची वाटते.

मग मूळ प्रश्न: जातं कुणाला?

कायद्याचं उत्तर सोपं आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं अवयवांची विक्री गुन्हा ठरवली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या प्रतीक्षायादीनुसार अवयव वाटतात. रक्तगट, यादीतला काळ, आजाराची निकड असे निकष असतात. जातीचा रकाना नसतो, आणि देणाऱ्याची ओळख घेणाऱ्याला सांगितली जात नाही. इथपर्यंत ठीक. पण यादीत नाव कुणाचं लागतं? ज्याला मोठ्या रुग्णालयाचं दार उघडतं त्याचं. महाराष्ट्रातली बहुतेक प्रत्यारोपणं खासगी रुग्णालयांत होतात. केईएम, ससून, नागपूरचं सुपर स्पेशालिटी अशी मोजकीच सार्वजनिक ठिकाणं गरिबाच्या आवाक्यात आहेत. यकृत किंवा हृदय बसवायचा खासगी खर्च वीस लाखांच्या पुढे सहज जातो. किडनीसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत साडेचार लाखांपर्यंत तरतूद आहे, पण शस्त्रक्रियेनंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून आयुष्यभर जी औषधं घ्यावी लागतात, त्यांचा दरमहाचा खर्च रोजंदारीवाल्याचं कंबरडं मोडतो. दुसरीकडे, मेंदूमृत होऊन अवयव देणाऱ्यांत अपघाताने डोक्याला मार लागलेले बरेच असतात, आणि दुचाकीवर रात्री-बेरात्री कामावरून परतणारा तरुण कुठल्या वर्गातला असतो ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे 'गरीब देतो, श्रीमंत घेतो' हा आरोप हवेतला नाही.

पण म्हणून सही करायची नाही, असं ठरवलं तर नुकसान कुणाचं होतं? इथे थोडं थांबून हिशेब करू.

श्रीमंताचं फारसं अडत नाही. त्याच्याकडे तपासण्यांचा पैसा आहे, शिकलेले नातेवाईक आहेत, चार शहरांतल्या रुग्णालयांत फोन करणारी माणसं आहेत. आणि कायदा मोडायची तयारी असेल तर दलाल आहेत. हे दलाल कुठे जातात तेही बघा. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ लोकांचा अभ्यास २००२ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आला होता. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. विकल्यानंतर त्यांच्या घरचं सरासरी उत्पन्न एक तृतीयांशानं घटलं, आणि बहुतेक जण तेव्हाही कर्जातच होते. विकणाऱ्यांत सुमारे सत्तर टक्के बायका होत्या. मेलेल्यांकडून पुरेसे अवयव मिळत नाहीत, तेव्हा बाजार जिवंत गरिबाच्या पोटापर्यंत येतो.

आता बाजार सोडा, घरात या. देशात २०२३ मध्ये मृत्यूनंतर अवयव देणारे अकराशेच्या आसपास होते. त्याच वर्षी जिवंतपणी किडनी किंवा यकृताचा भाग देणारे पंधरा हजारांच्या वर. या जिवंत दात्यांत बायका साठ टक्क्यांहून जास्त. आणि घेणाऱ्यांत? १९९५ ते २०२१ या काळातल्या सरकारी नोंदींनुसार प्रत्यारोपण झालेल्या दर पाच जणांत चार पुरुष. नवऱ्याची किडनी गेली की बायको पुढे होते, मुलाची गेली की आई, भावाची गेली की बहीण. बायकोला किडनी लागते तेव्हा नवरा 'कमावता' असतो, मग तिच्या माहेरी निरोप जातो. कायद्याच्या नजरेत ती जवळची नातेवाईक, त्यामुळे समितीपुढे नात्याचे कागद दाखवले की काम होतं. चुलीपुढे तिला काय ऐकवलं गेलं, याची नोंद कुठल्याच फॉर्ममध्ये होत नाही.

हे आपल्याही वस्त्यांत होतं, बौद्ध घरांतही होतं. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायची हे बाबासाहेबांचं माप आपण भाषणात वापरतो. ते इथे लावून बघा. मेलेल्या पुरुषांनी जे दिलं नाही, ते जिवंत बायकांकडून काढून घेतलं जातं. एक मेंदूमृत माणूस दोन किडन्या देऊ शकतो, म्हणजे दोन घरांतल्या दोन बायका ऑपरेशनच्या टेबलापासून वाचू शकतात. 'व्यवस्था अन्यायी आहे म्हणून मी देणार नाही' असं म्हणणाऱ्याचा बहिष्कार त्या व्यवस्थेला लागत नाही. तो लागतो डायलिसिसवर आठवड्यातून दोन-तीनदा जाणाऱ्या, घरात जुळणारा दाता नसलेल्या गरीब रुग्णाला, किंवा त्याच्या बायकोला. माझ्यासाठी प्रश्न इथे मिटतो.

राहिली भीती. 'फॉर्म भरला तर डॉक्टर वाचवायचा प्रयत्न करणार नाहीत.' हिला अडाणीपणा म्हणून हसू नका. सरकारी दवाखान्यात ज्यांच्याशी तुसडेपणाने बोललं जातं, त्यांना हा संशय येणारच. पण पद्धत समजून घ्या. मेंदूमृत्यू म्हणजे बेशुद्धी किंवा कोमा नव्हे. व्हेंटिलेटरमुळे छाती हलत असते, पण मेंदूचा खोडाकडचा भाग कायमचा मेलेला असतो. ते चार डॉक्टरांनी ठरवायचं, दोनदा, दोन तपासण्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. अवयव काढणाऱ्या किंवा बसवणाऱ्या पथकातला एकही डॉक्टर त्यात चालत नाही. त्यानंतरही घरच्यांची लेखी संमती विचारली जाते. तुम्ही फॉर्म भरला असला तरी त्यांनी नाही म्हटलं की प्रत्यक्षात तिथेच थांबतं. अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही. त्याआधीच्या उपचारांचं बिल मात्र उरतं, आणि गरीब दात्याच्या घराचं हे बिल शासनानं भरावं ही मागणी आपण लावून धरायला हवी.

एक गैरसमजही काढायला हवा. घरी नैसर्गिक मृत्यू आला तर किडनी, हृदय देता येत नाही. त्यासाठी आयसीयूतलाच मेंदूमृत्यू लागतो. घरी मृत्यू आला तर डोळे देता येतात, तेही सहा तासांच्या आत. देहदान ही आणखी वेगळी गोष्ट, तिचा फॉर्म वैद्यकीय महाविद्यालयाचा. अवयव दिल्यावर देह शिवून घरच्यांच्या ताब्यात मिळतो, त्रिशरण-पंचशील घेऊन अंत्यसंस्कार करता येतात. श्राद्ध, पिंडदान नाकारण्याची प्रतिज्ञा आपल्या आई-बापांनी किंवा आजोबांनी घेतली. तरी 'देह अख्खाच गेला पाहिजे' हा हट्ट आपल्यातही दिसतो. अख्ख्या देहाने जायचं कुठे, एवढंच विचारून बघा.

आणि उगाच मोठमोठं बोलू नका. बौद्धवाड्यातल्या पोराची किडनी कुणा जोशी-कुलकर्ण्याला बसली म्हणून जात मोडत नाही. घेणाऱ्याला ते कळतही नाही, आणि कळलं तरी तो मुलीचं स्थळ जातीतच बघेल. जातिअंताचा मार्ग बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितला आहे. तो ऑपरेशन थिएटरमधून जात नाही.

तर जयंतीला टेबल टाकायचं असेल तर जरूर टाका, पण त्यावर दोन कागद ठेवा. एक नमुना ७, म्हणजे नोंदणीचा फॉर्म. ज्याला हवं त्याने मोबाइलवर आधार क्रमांकाने नोटोच्या संकेतस्थळावरही नोंदणी करावी. दुसरं निवेदन: आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूमृत्यू घोषित करण्याची आणि अवयव काढण्याची सोय आहे का, नसेल तर कधी होणार, किडनी प्रत्यारोपण तिथेच मोफत का होत नाही, आणि नंतरची औषधं जिल्हा रुग्णालयातून का मिळत नाहीत. दोन्हींवर सह्या घ्या. निवेदन अधिष्ठात्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, तीन महिन्यांनी माहिती अधिकारात विचारा. फुले-हार घालून फोटो काढणाऱ्या नगरसेवकालाही त्याच निवेदनावर सही करायला लावा.

पहिल्या रांगेत मंडळाच्या पुरुष पदाधिकाऱ्यांना बसवा. नमुना ७ वर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. साक्षीदार म्हणून बायकोचं किंवा आईचं नाव टाकणार असाल तर नुसती सही मागू नका, तिला बसवून सगळं सांगा. व्हेंटिलेटरच्या बाहेरच्या बाकड्यावर त्या दिवशी तीच बसलेली असेल, आणि डॉक्टर तिलाच विचारतील.