दृष्टी हे दान नव्हे

दिवाळी सरली की अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड मजूर कोयता घेऊन कारखान्यांची वाट धरतात. उसाचे धारदार पाते डोळ्याला लागते, जखम चिघळते, डोळ्यात फूल पडते. दवाखाना गाठावा तर रोज बुडतो.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. मोतीबिंदूच्या शिबिरांचे मोल आम्ही नाकारत नाही. परंतु आंधळेपण दाराशी आल्यावर भरणारे शिबिर म्हणजे आरोग्यव्यवस्था नव्हे. काचबिंदू बहुधा न दुखता दृष्टी खातो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेह व रक्तदाब यांच्या खुणाही डोळ्याच्या पडद्यावर उमटतात. म्हणूनच नियमित नेत्रतपासणी देहातील छुपे विकार उघड करू शकते.

जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम आरंभले आणि खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. आरोग्यसेवा गावाच्या वेशीत नेता येते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे.

तेव्हा हंगामापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि हंगामात मजुरांच्या तळावर डोळे तपासले गेलेच पाहिजेत. खर्च शासन व कारखान्यांनी उचलावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्रामसभांतून रेटावी. दृष्टी हा कष्टकऱ्यांचा हक्क आहे.