मिठागराला पडीक कोण म्हणतं?

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय? लॉकडाऊन, हातात मोबाईल आणि भरपूर वेळ. फोटोंखाली उल्केपासून दैवी कोपापर्यंत वाट्टेल ते लिहून येत होतं. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि सांगितलं की हा रंग हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा. सरोवराची पातळी उतरली, खारटपणा वाढला आणि या मंडळींची दिवाळी झाली. खुलासा आला आणि विषय संपला! चमत्कार नाही म्हटल्यावर फॉरवर्ड कोण करणार?

माझ्या मते गंमत तर तिथेच सुरू होते.

लोणच्यात आपण मीठ सढळ हाताने घालतो, कारण मीठ जंतूंच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात, मीठ धरायच्या बेताला, हाच आकडा ३०० च्या वर जातो. म्हणजे आजीच्या बरणीपेक्षाही कडक मामला. आणि हॅलोआर्किया तिथे आरामात नांदतात. युक्ती काय, तर बाहेर जेवढं मीठ तेवढेच क्षार आतही भरून घ्यायचे, फक्त सोडियमऐवजी पोटॅशियमचे. आता इतक्या क्षारात आपली प्रथिनं गोळा होऊन निकामी होतील. यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर मात्र ऋणभाराची अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात. ती पाणी धरून ठेवतात, म्हणून प्रथिनं आपला आकार सोडत नाहीत. पण याची किंमत आहेच. गोड्या पाण्यात टाकलं की पेशी फुटते, प्रथिनं उलगडतात, खेळ खलास. वीकेंडला ज्या पावसात भिजायला अर्धी मुंबई आमच्याकडे कर्जतला येते, तो पाऊस म्हणजे यांचा मृत्यू.

दुसरी एक जमात आहे, ती मीठ आत येऊच देत नाही. त्याऐवजी एक्टोइनसारखे निरुपद्रवी रेणू पेशीत साठवून आतबाहेरचा तोल सांभाळते. (हेच एक्टोइन हल्ली त्वचेच्या महागड्या क्रीममध्ये असतं बरं का.) आमच्या धंद्याच्या भाषेत, पहिल्यांनी अख्खी सिस्टिम नव्याने लिहिली, दुसऱ्यांनी पॅच मारला. आणि तो गुलाबी-लाल रंग? तो उन्हापासून बचाव करणाऱ्या रंगद्रव्यांचा.

एवढं सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "बरं मग, याचा उपयोग काय?" या प्रश्नाची मला मनापासून चीड आहे, तरी उत्तर देतो.

स्पेनमध्ये सांता पोला नावाच्या गावी मिठागरं आहेत. तिथल्या एका हॅलोआर्कियावर काम करताना फ्रान्सिस्को मोहिका या तरुण संशोधकाला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणारे विचित्र तुकडे दिसले. तसले तुकडे १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी ई. कोलायमध्येही पाहिले होते, पण मोहिका हात धुऊन त्यांच्या मागे लागला. २००५ मध्ये त्याने लिहिलं की मधले तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात, म्हणजे ही सूक्ष्मजीवांची प्रतिकारशक्ती असावी. हेच ते क्रिस्पर. त्यातून जनुक संपादनाचं तंत्र उभं राहिलं आणि २०२० मध्ये शार्पेंतिए आणि डाउडना यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लोणार गुलाबी झालं तेच वर्ष! मोहिका राहिला बाजूला, पण तो विषय वेगळा.

आता म्हणाल, डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या कर्जतकराला मिठाचं एवढं काय पडलंय? उल्हास आणि पाताळगंगा आमच्याकडे गोड्याच. पण पाताळगंगा खालापुरातून उतरते ती धरमतरच्या खाडीकडे, आणि खालापूरची हद्द ओलांडली की पेण-पनवेलची खारभूमी सुरू होते. तिथे बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं की भात गेला. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, पनवेलला खारभूमीचं. पनवेलच्या केंद्राने खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जातीही काढल्या आहेत. आणि मे २०२५ मध्ये देशात जनुक संपादित भाताच्या पहिल्या दोन जाती जाहीर झाल्या. त्यातली पुसा डीएसटी राईस १ ही दुष्काळ आणि खारटपणा सोसण्यासाठी केलेली. ती शेतात कितपत उतरते ते दिसेलच. पण ज्या तंत्राने ती घडवली, त्याचा एक धागा मिठागरातल्या जंतूपर्यंत जातो, हे विसरू नका.

आणि आपण मिठागरांना म्हणतो पडीक जमीन. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी घ्यायला मंजुरी दिली. पाणी कुठे जाणार, खारफुटीचं काय, पक्ष्यांचं काय, यावर भांडणं झाली आणि ती व्हायलाच हवीत. लोकांना घरं हवीत हेही खरंच. मी स्वतः रोज लोकलमध्ये चार तास काढतो, मला घराची किंमत कोणी शिकवू नये. पण त्या वाफ्यांत राहतं कोण, हा प्रश्न कुठल्याच बाजूने विचारलेला मी तरी ऐकला नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. भराव टाकण्याआधी प्रत्येक वाफ्यातलं पाणी आणि गाळ घ्या, डीएनए वाचा, जे वाढवता येतील ते जंतू जपून ठेवा. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र याच कामासाठी आहे. एखाद्या टॉवरच्या लॉबीतल्या संगमरवरापेक्षा जास्त खर्च येईल असं मला वाटत नाही. पेण, उरणच्या उरल्यासुरल्या मिठागरांतही हेच व्हावं, आणि कॉलेजच्या पोरांना बरोबर घ्यावं. एप्रिल-मे उत्तम, तेव्हा पाणी सगळ्यात खारट असतं. जूनचा पाऊस लागला की वाफे गोडे होतात, मग पुन्हा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा.